कोपरा दुमडलेला कागद

हॅलो?

हो, मीच. दुसरं कोण उचलणार इथे… बोल, धाकटे. पाकीट पोचलं का?

आज सकाळी? बरं झालं. मला वाटलं पोस्टात कुठे अडकलं… नाही गं, कामात कसला. चहा टाकला होता आणि विसरलो. पातेलं काळं झालं, तेच घासत होतो. असू दे. घासून झालंय.

आधी मला सांग, पाकिटातून कागद किती निघाले? … दोन. दोनच पाहिजेत. आता एकाचा वरचा कोपरा दुमडलाय बघ, उजवीकडचा. हाताला लागेल… लागला? हां. तो या हातात धर आणि दुसरा त्या हातात. आणि मी सांगतो ते ऐक.

अगं ऐक ना. आधी ऐक, मग बोल.

नाही, या वेळी अख्खी गोष्ट नाही पाठवली. गोष्टीचं पहिलंच पान आहे. तेच पान दोनदा छापलंय. मुद्दाम. … काय झालं, शाई संपत आली. … हो, परत. तुझी अक्षरं एवढाली मोठी नि वर ठळक, पानात दहा ओळी मावत नाहीत. नुसती शाई पितात. … नाही, नाही, तक्रार नाही करत. आधी तुझी ताई छापून पाठवायची, तिने कधी केली नाही, मी कशाला करू?

तर मी दुकानात गेलो. कंपनीची कार्ट्रिज मागितली… शाईची डबी गं, प्रिंटरच्या पोटात बसते ती. तर दुकानवाला म्हणाला, काका, तुम्ही वरचेवर नेता, मग ही का नेत नाही? आणि दुसरीच दाखवली. निम्म्याहून कमी किमतीला.

नाही, नकली नाही. मीही तेच विचारलं. नकली नाही म्हणतो. कंपनीचीच जुनी, रिकामी झालेली. ती उघडतात, धुतात, झिजलेलं बदलतात, नवी शाई भरतात, चालवून बघतात आणि मग विकतात. रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणायचं तिला. … हो, मला येतं म्हणता. दोन दिवस घोकलंय. हस तू.

हस, हस. तुझी ताई असती तर तीही हसली असती.

…

हं. बोलतोय. आहे मी.

तर तो म्हणाला, एक नेऊन बघा, नाही आवडली तर परत आणा. कंपनीची थोडी शिल्लक होतीच. म्हणून एक पान तिने काढलं, एक पान हिने. मला विचारशील तर दोन्ही सारखीच दिसली. पण माझ्या दिसण्याला काय करायचंय, वाचायचं तुला. आता तू सांग. काळं कुठलं आणि फिकं कुठलं?

नाही, ते मी सांगणार नाही, कुठला कशाचा ते. सांगितलं की मला बरं वाटेल तेच तू बोलशील. ओळखतो मी तुला. लग्नात मी दिलेली साडी आवडली म्हणून सांगितलंस आणि पडदा केलास तिचा.

ताईनेच सांगितलं. नंतर. बऱ्याच वर्षांनी.

बरं, बघ नीट. उजेडात धर. घाई नाही.

…

हं?

दुमडलेला जास्त काळा? … आणि दुसरा? … जरा फिका आहे, पण वाचता येतोय. नक्की? … थांब, आठवू दे. दुमडलेला म्हणजे… दुमडलेला स्वस्तातला. हो. धाकटे, दुमडलेला स्वस्तातला आहे गं.

म्हणजे दुकानवाला खरं बोलत होता. मी उगीच त्याच्यावर संशय घेतला. मशीनसुद्धा घेतं संशय. ती डबी घातल्यापासून दर वेळी पडद्यावर पाटी येते, ही शाई अस्सल नाही, चालेल का? मी म्हणतो, चालेल. तरी परत विचारतं. सासूसारखं.

कडेला शाई पसरलीय का? तो म्हणाला होता, एखादवेळी पसरते. … थोडीशी? वाचायला अडचण नाही ना? … मग झालं तर. मग हीच आणतो. चार-पाच एकदम आणून ठेवतो.

अगं, वेळेचा नाही प्रश्न. वेळ काय, ढीग आहे. सोमवारी साप्ताहिकाचा अंक येतो, त्यातली गोष्ट निवडतो. मंगळवारपासून टाइप करायला बसतो. एका बोटाने. जोडाक्षर आलं की अजून थांबावं लागतं. तुझी ताई हॉस्पिटलात असताना तिने कागदावर की-बोर्ड काढून दिला होता मला. पलंगाच्या कडेवर तो कागद ठेवून मी बोटं मारायचो आणि ती डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगायची, चुकलं, परत मारा. कागदावर मारल्याचा कसला आवाज येतो? पण ओळखायची.

हो. सांगितलं असेन आधी. सांगतो खरं परत परत.

काम आहे म्हणून उठतो गं. खोटं कशाला बोलू. सकाळी जाग आली की आधी काही नसतं, नुसतं छत असतं. मग आठवतं, अर्धं पान राहिलंय. धाकटी वाट बघत असेल. मग पाय खाली टाकतो.

तुला मागची आवडली ना? विहिरीवरच्या पंपवाल्याची? … शेवट? हो, शेवट चांगला होता. मला वाटलं होतं तो बायकोला घेऊन जाईल. … काय? हो, तेच. नेलं नाही त्याने. नेलं नाही ना? … हां, तेच म्हणतो मी.

बरं, थांब जरा. दुकानवाल्याला डबीचा नंबर सांगायला लागतो, तिच्या खोक्यावर असतो तो. आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. ठेवू नकोस फोन. … इथेच प्रिंटरवर आहे खोका. चष्मा… गळ्यातच आहे. हां. आता नंबर…

…

…

आहे. आहे मी.

काही नाही. खोक्याखाली कागद आहेत. शाई ओली होती म्हणून वाळत ठेवले होते. पंख्याने उडू नयेत म्हणून वर खोका ठेवला होता.

धाकटे, तुझ्या हातात दोन कागद आहेत म्हणालीस.

आणि दोन्हीवर अक्षरं आहेत.

नाही, सहज. दुमडलेला घे बरं हातात. पहिली ओळ वाच. … चष्मा सापडत नाही? मग आत्ता काळं-फिकं कशाने बघितलंस? … बरं, ओळ राहू दे. पहिला शब्द वाच. एकच. … अक्षर सांग. कुठलंही.

धाकटे.

दोन्ही पानं इथे आहेत. माझ्या हातात. मी दोनच छापली होती. एक हे आणि एक हे. … शाई बदलली की मशीन आधी एक-दोन कागद तसेच कोरे ओढून बाहेर टाकतं. ते टेबलावर पालथे पडले होते. मी छापलेलेच समजलो. एकाचा कोपरा दुमडला आणि घातले पाकिटात. उलटून बघितलेही नाहीत. चष्मा गळ्यात होता तरी बघितले नाहीत.

कोरे आहेत गं ते. दोन्ही बाजूंनी कोरे.

…

गंमत? नाही. नको. आता असं नको बोलूस. मला माहीत आहे गंमत करताना तुझा आवाज कसा असतो.

…

कधीपासून?

उजवा तर आधीच गेला होता, ते माहीत होतं. डावा? … नाही, खरं सांग. दिवाणखान्यात उजेड कमी आहे, मोतीबिंदू पिकलाय, असलं काही नको सांगूस. … काचबिंदू. तोच काचबिंदू. मग डॉक्टर काय म्हणाले? … नस सुकली. … म्हणजे परत येत नाही. … ऑपरेशन नाही, थेंब नाही, काही नाही.

आता काय दिसतं? … खिडकी कुठे आहे ते कळतं. बस? … माणूस? … आवाज केला तर.

म्हणजे मी पाठवलेली एकही गोष्ट… एकही नाही. पहिलीपण नाही.

रडत नाहीये मी. नाक चोंदलंय. तू बोल.

थांब. काय म्हणालीस? … ताईला माहीत होतं?

तिला माहीत होतं की तुला दिसत नाही? मग ती कशाला… हॉस्पिटलात, पलंगावर पडून, मला शिकवत होती की अक्षर केवढं करायचं, ओळीत जागा किती सोडायची. पातळ अक्षर धाकटीला दिसत नाही, म्हणाली. ठळक करा. मी नळाच्या मीटरांवरचे आकडे बघण्यात जन्म काढलेला माणूस, मला कॉम्प्युटरचा गंध नाही, आणि ती ओरडत होती माझ्यावर. नर्ससुद्धा हसायची.

तुला काय म्हणाली ती? … नीट सांग. तिच्या शब्दांत सांग.

…

"ते पाठवतील. येऊ दे. नको म्हणू नकोस."

…

असं म्हणाली.

म्हणजे काम नव्हतंच ते. तुझ्यासाठी नव्हतंच. मूल रडू नये म्हणून हातात खुळखुळा देतात, तसा दिला मला. दोघी बहिणींनी मिळून.

चिडलो नाही. कुणावर चिडू? ती तर गेली आणि तू… तुझ्यावर काय चिडायचं आता.

पण पंपवाल्याची गोष्ट? शेवट चांगला होता म्हणालीस. … मी आधी बोललो त्यावरून अंदाज केलास. हं. मला वाटलं, मी निवडलेल्या गोष्टी कुणीतरी आवडीने वाचतंय. शेजाऱ्याला सांगितलंसुद्धा. मेहुणीला माझी निवड आवडते म्हणालो.

मग त्या पानांचं केलंस काय? … खुर्चीशेजारी गठ्ठा. कशाला ठेवलास? … सून येते तेव्हा? हातात धरून बसतेस? … आणि पान उलटतेस. किती वेळाने उलटायचं ते कसं कळतं? … मनात गाणं म्हणतेस. एक गाणं संपलं की एक पान.

काय डोकं आहे तुझं. नाही, खरंच. तुझी ताईच बोलतेय असं वाटतं.

पण सुनेला का नाही सांगायचं? ती काही वाईट नाही गं. दर रविवारी येते, सामान आणते, डोक्याला तेल लावते तुझ्या. दुसरी कोण करते? … हो, नेतील. नेणारच. मुलाची आई आहेस, नेऊ नये का त्याने? … तिथल्या भिंती माहीत नाहीत. हं. … इथे मोरी किती पावलांवर, पाण्याचा माठ कुठे, सगळं पायांना पाठ आहे. … तिथे मध्ये मध्ये पोरांची खेळणी. … आणि दिवसभर एका जागी बसायचं, कुणीतरी उठवेपर्यंत. कळतं मला. कळत नाही असं नाही.

मी वाचून दाखवू का? फोनवर. रोज थोडं थोडं. … आवाज? माझा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे. पाणी उद्या येणार नाही, असं सांगितल्यासारखा. तरी पण… नको? … का नको?

ऐकायला बसलं की आंधळी झाले असं वाटतं. … अगं, पण ते तर झालंच आहे ना आता.

चुकलं. चुकलं माझं. असं बोलायला नको होतं. … धाकटे? आहेस ना?

बरं. नाही वाचत. राहिलं.

एक विचारू? मागे हात भाजला होता तुझा. वाफेने, म्हणालीस. … वाफेने नव्हता. गॅस कसा पेटवतेस? … आवाजावरून. आणि बंद झाला की नाही ते? … वास घेऊन. अगं, आणि एक दिवस सर्दी झाली तर? मला चहाचं पातेलं धड बघता येत नाही, दोन डोळे असून. आत्ताच जाळून ठेवलं. तू एकटी, पदर एवढा लांब…

नाही. शब्द नाही देणार मी. शपथ तर अजिबात घालू नकोस, ताईची तर मुळीच नको. सुनेला सांगितलं पाहिजे कुणीतरी. मी सांगतो. नीट सांगतो, समजावून. … ऐक माझं. उद्या काही झालं तर मी कुठल्या तोंडाने… मला आता गोष्टी पाठवायला दुसरं कुणी आहे का? तू एकटी उरलीस, जिच्याशी तिच्याबद्दल बोलता येतं.

…

काय झालं? कोण?

बेल? … आज कशी आली? आज कुठे रविवार आहे? … किल्ली आहे ना तिच्याकडे?

ते कागद. धाकटे, ते कोरे कागद आधी लपव. … मांडीवर होते, मग? … पडले? कुठे पडले? … पायाने चाचपून बघ. … एक सापडला. तो उशीखाली घाल. दुसरा? … खुर्चीखाली गेला असेल. वाक नको, पडशील. … राहू दे तो. राहू दे म्हणतो ना. गठ्ठ्यातला दुसरा घे कुठलातरी. … सुलटा आहे का ते कसं… बरं, गठ्ठाच नको. नुसती फोनवर बोलत बस. माझ्याशी बोल. काहीही बोल.

आली का आत?

हो… हो, शाईच. शाईबद्दल बोलतोय आपण. काळी आहे म्हणालीस. … हं. … हं. बरं.

धाकटे?

हॅलो?

…

कोण? … हो पोरी, काकाच बोलतोय. बरा आहे. तू कशी आहेस? आज मध्येच कशी आलीस? … सुट्टी मिळाली. चांगलं झालं.

हो, पाकीट माझंच.

…

ऐकतोय, बोल.

कोरा कागद. जमिनीवर. … आणि उशीखालीही एक.

…

हो. ऐकू आलं मला. विचारलंस ते ऐकू आलं.

नाही, थांब, विचार नाही करत. सांगतो.

कोरेच आहेत, पोरी. चूक माझी. छापलेले इथेच राहिले आणि कोरे घातले पाकिटात. वय झालं. … तिला? कळलं की. लगेच कळलं. पाकीट उघडल्या उघडल्या फोन केला तिने. त्यासाठीच तर फोन. भावजी, डोकं ठिकाणावर आहे का, म्हणाली. तेव्हापासून मला फैलावर घेतेय. … उशीखाली? ते मला काय माहीत. रागाने टाकला असेल.

हो. अक्षर मोठं असलं की वाचते. वाचते म्हणजे… गेल्या गोष्टीबद्दल बोललो ना आम्ही आत्ता. पंपवाला असतो, त्याची. शेवट आवडला तिला.

रडतेय? … हो, ते माझ्यामुळे. ताईचा विषय निघाला. मीच काढला. आम्ही दोघं बोलायला बसलो की निघतोच.

नाही, नाही, त्रास कसला. पाठवत राहीन. छापलेली पानं आहेत इथे, वाळलीत. उद्याच टाकतो पोस्टात. … शाई? बदलली या वेळी. स्वस्तातली घेतली, परत भरलेली असते ती. … चांगली आहे. काळी आहे. मी बघितली ना आत्ता, माझ्या डोळ्यांनी. कंपनीच्या शाईत आणि हिच्यात काही फरक नाही.

पोरी, एक काम कर. आलीच आहेस तर तिचा गॅस जरा बघून जा. … नाही, ती काही बोलली नाही. बटण सैल झालंय, असं मलाच मागे आलो तेव्हा वाटलं होतं. काढूनच टाक तो. विजेची शेगडी मिळते ना, आपोआप बंद होते ती, तसली आण. पैसे मी देतो. … नको म्हणेल. म्हणू दे. काकांनी सांगितलं म्हण.

बरं. दे तिला फोन.

…

नको म्हणते? तोंड धुवायला गेली. … भिंतीला हात लावत? … पाय दुखत असेल गं. गुडघा धरतो तिचा.

नाही, तिला निरोप वगैरे काही नाही. शाईचंच होतं.

ठेवतो.